झाकण लावा, नाहीतर ५० डॉलर काढा

क्वीन्सचे काका
आमचं क्वीन्समधलं घर दोन बिऱ्हाडांचं. खाली आम्ही, वर भाडेकरू. १२ नोव्हेंबर २०२४ पासून न्यूयॉर्क शहराने एक ते नऊ बिऱ्हाडांच्या सगळ्या इमारतींवर सक्ती केली आहे की कचऱ्याच्या पिशव्या फुटपाथवर नुसत्या टाकायच्या नाहीत, घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवायच्या. डबा ५५ गॅलनच्या वर नको. सुरुवातीला नुसती ताकीद होती. २ जानेवारी २०२५ पासून दंड: पहिल्यांदा ५० डॉलर, मग १००, पुढे दर वेळी २००. कशासाठी? उंदरांसाठी.

मला उंदरांचा पुळका नाही. पण आमच्या कोपऱ्यावर साठेक बिऱ्हाडांची इमारत आहे, तिला अजून काळ्या पिशव्या चालतात. गाडी यायच्या आदल्या रात्री तिच्यासमोर कमरेएवढा ढीग असतो आणि नीट बघितलं तर तो ढीग हलत असतो. मी इकडे डब्याला झाकण लावून बसलोय, तिकडे पंगत मांडलेली. उंदीर काय घर नंबर बघून जेवायला बसतो?

शिवाय रस्त्याने जाणारे लोक कुत्र्याच्या पिशव्या आमच्याच डब्यात टाकतात आणि झाकण आ वासलेलं ठेवून जातात. त्याचा जाब मात्र घरमालकाने द्यायचा. लहान घरवाले हाताशी सापडतात म्हणून नियम आधी आमच्यावर, असं माझं स्पष्ट मत आहे. तुमचं काय?

ब्रुकलिनची सून
असहमत. काका, "आधी आमच्यावर" हे खरं नाही. खाण्यापिण्याच्या धंद्यांना जुलै २०२३ मध्येच डबे सक्तीचे झाले, १ मार्च २०२४ पासून झाडून सगळ्या दुकानांना. घरांचा नंबर त्यानंतर लागला.

आणि फुटपाथवरची पिशवी ही काही पूर्वापार चालत आलेली रीत नाही. पूर्वी इथेही पत्र्याचे झाकणवाले डबे होते. फेब्रुवारी १९६८ मध्ये सफाई कामगारांचा नऊ दिवस संप झाला, शहर कचऱ्यात बुडालं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत डब्यांची जागा प्लास्टिकच्या पिशव्यांनी घेतली. उचलायला हलक्या, पहाटे खडखडाट नाही. उंदरांचं तर कल्याणच झालं. पत्र्याला दात लागत नाहीत, पिशवीला काय लागतं?

एका उंदराला दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम खाणं पुरतं. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं. विष घालून दहा मारले आणि खाणं तेवढंच राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत जागा भरते. विषाची दुसरी बाजूही आहे. सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून सुटलेलं फ्लॅको घुबड आठवतंय? फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलं. शवविच्छेदनात कबुतरांच्या विषाणूबरोबर उंदीरनाशकंही सापडली. त्यापेक्षा झाकण परवडलं.

मुलुंड पूर्व
दोन्ही बाजूंचं वाचलं. झाकणावर एवढा विश्वास मुंबईकर ठेवणार नाही.

आमच्या सोसायटीत ओल्याचा हिरवा आणि सुक्याचा निळा डबा आहे, दोन्हींना झाकणं होती. "होती" म्हणतोय. एक वॉचमनने पाण्याच्या पिंपावर ठेवलं, दुसऱ्याची बिजागरी तुटली. पण खरी गंमत वेगळीच. घूस झाकणाच्या वाटेला जातच नाही, ती प्लास्टिक खालून कुरतडते. दोन महिन्यांत हिरव्या डब्याला तळाशी मुठीएवढं भोक.

महापालिकेची रात्रपाळीची माणसं काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारत फिरतात, एका रात्रीत निदान ३० हा दंडक. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोने (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाने) किती माणसं नेली ते पाहिलेला माणूस त्या कामाला हसणार नाही. पण मला विचाराल तर खरा उपाय वेळेचा आहे. घंटागाडी आली, कचरा घरातून थेट गाडीत. फुटपाथवर त्याने रात्र काढायचीच नाही. जो कचरा बाहेर झोपत नाही त्याला झाकण लागत नाही.

ब्रुकलिनची सून
@मुलुंड, वेळेचा मुद्दा १००% मान्य, आणि इथे तोही केलाय. पूर्वी दुपारी ४ पासून पिशव्या बाहेर ठेवता यायच्या. १ एप्रिल २०२३ पासून नुसती पिशवी रात्री ८ नंतर, झाकणाच्या डब्यात असेल तर ६ नंतर. पण घंटागाडी इथे जमायची नाही. गाडी पहाटे येते, दारात डबा घेऊन उभं कोण राहणार? भोकाचं म्हणाल तर डबा जाड हवा. म्हणून तर शहराने स्वतःचा ठरावीक डबा काढलाय, ५० डॉलरच्या आसपास.

क्वीन्सचे काका
म्हणजे दंड ५० आणि डबाही ५०. छान.

साशंक
लोकहो, उंदीर खरंच कमी झाले का, हे कुणी विचारतच नाहीये. शहर सांगतं की ३११ वर (शहराच्या तक्रारींच्या फोन नंबरवर) उंदरांच्या तक्रारी महिनोन् महिने घटत आहेत. तक्रार म्हणजे उंदीर नव्हे. लोक कंटाळले की फोन करायचे थांबतात, आणि ढीग दिसेनासे झाले की त्यांवर बागडणारे उंदीरही दिसेनासे होतात. गेले असतील किंवा बिळात असतील.

जानेवारी २०२५ मध्ये १६ शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ शहरांत उंदीर वाढलेले, त्यात न्यूयॉर्कही होतं. जिथे तापमान जास्त वाढलं तिथे उंदीरही जास्त वाढले. हिवाळा सौम्य झाला की विणीचे दिवस वाढतात. त्यावर झाकण काय करणार?

ब्रुकलिनची सून
त्याच अभ्यासात टोकियो आणि न्यू ऑर्लिन्समध्ये उंदीर घटलेले आहेत, ते का नाही लिहिलंत? ऊन तिथेही वाढलंच की. आणि हा अभ्यास घरांच्या डब्यांचा नियम पक्का बसायच्या आधीच्या आकड्यांवरचा. तक्रारींबद्दलची शंका मात्र रास्त आहे.

साशंक
टोकियो राहिलं, मान्य. पण तिथली शिस्त डब्यातून आली की डबा शिस्तीतून?

मुलुंड पूर्व
अवांतर: उंदराचं खाणं म्हणजे ओला कचरा. तो वेगळा काढला तर बाकीच्या डब्याला झाकण असो वा नसो.

ब्रुकलिनची सून
तेही करून झालं. ओल्याचा वेगळा डबा ऑक्टोबर २०२४ पासून सगळ्या शहरात सक्तीचा. १ एप्रिल २०२५ ला दंड सुरू झाले आणि महिना व्हायच्या आत महापौरांनी ३० पर्यंत बिऱ्हाडांच्या इमारतींना दंडातून सूट दिली. असे नियम टिकत नाहीत, हा माझा राग आहे. काका, झाकणाला सूट मागू नका, नाहीतर तेही असंच बारगळेल.

क्वीन्सचे काका
सूट कोण मागतंय? मी समान न्याय मागतोय. कोपऱ्यावरच्या इमारतीलाही डबा लावा, मग माझी काही हरकत नाही.

ब्रुकलिनची सून
लावणारच आहेत. ३० च्या वर बिऱ्हाडं असलेल्या इमारतींसाठी रस्त्यावर कुलूपबंद मोठे डबे येताहेत. मॅनहॅटनमधल्या वेस्ट हार्लेमला २०२५ मध्ये आले. बाजूने उचलणारी खास गाडी ते रिकामे करते. फक्त फुटपाथवर मावत नाहीत, म्हणून गाड्या लावायच्या जागेत बसवतात.

क्वीन्सचे काका
गाड्या लावायच्या जागेत म्हणजे फुटपाथला लागून?

ब्रुकलिनची सून
हो. का?

क्वीन्सचे काका
आमची गाडी त्याच कोपऱ्यावर असते. बावीस वर्षं.

मुलुंड पूर्व
:)

क्वीन्सचे काका
हसू नका. एका इमारतीला असे किती डबे लागतात, कुणाला माहीत आहे का?