ताण आला की लाल होणारं प्लास्टिक आपल्या कामाचं आहे का?

भोसरीकर:
आमचं भोसरीत छोटं मोल्डिंगचं युनिट आहे, दोन मशिनं. पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक झाकण काढतो, चार कोपऱ्यांत चार स्क्रू. माल जाताना काचेसारखा, आणि आठ दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोटो येतो: भोकाभोवती केसासारख्या चिरा. प्लास्टिकचे दाणे ड्रायरमध्ये १२० अंशांवर चार तास सुकवतो, तेव्हा ओलाव्यावर खापर फोडू नका. परवा वाचलं की ताण आला की रंग बदलणारे रेणू निघालेत. मास्टरबॅचसारखे, म्हणजे रंगाचे दाणे मिसळतो तसे, चिमूटभर दाण्यांत टाकले तर?

रसायनवाली:
दादा, नुसते मिसळून उपयोग नाही. तो रेणू म्हणजे स्पायरोपायरन. पॉलिमरच्या साखळीत तो दोन्ही बाजूंनी पक्का ओवलेला लागतो. साखळी ओढली की त्यातला कार्बन-ऑक्सिजनचा एक बंध तुटतो, रेणू उघडून त्याचा मेरोसायनिन होतो आणि रंग चढतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या मूर आणि सॉटॉस यांच्या गटाने २००९ साली हे दाखवलं. त्यांनी एक नमुना मुद्दाम असा केला, ज्यात रेणू एकाच बाजूने लटकत होता. तो ओढला तरी ढिम्म! रस्सीखेचीत पलीकडे कोणी नसेल तर दोर ताणणार कसा? मला त्या प्रयोगातलं हेच सगळ्यात आवडतं.
शिवाय अतिनील किरणांनीही तो रंगतो आणि साध्या उजेडात रंग परत उतरतो. प्लास्टिक वितळवणाऱ्या तुमच्या ३०० अंशांच्या बॅरलमध्ये तर त्याची धडगत नाही.

टूलरूमकाका:
अहो, झाकण पारदर्शक आहे ना? मग फुकटात बघा. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा. पोलराइज्ड गॉगल डोळ्यांपुढे फिरवत न्या, पडदा काळा झाला की थांबा आणि मधे झाकण धरा. ताण असेल तिथे रंगीत पट्टे दिसतील. जिथे पट्ट्यांची दाटी, तिथे दुखणं. आधी स्क्रूशिवाय बघा, मग स्क्रू लावून.

भोसरीकर:
मुलाचा गॉगल घेऊन बसलो, काका. गेटपाशी, म्हणजे साच्यात प्लास्टिक शिरतं तिथे, पट्टे आहेत, पण थोडेच. स्क्रू आवळल्यावर मात्र भोकाभोवती कांद्याच्या चकतीसारखी वलयं!

टूलरूमकाका:
स्क्रूला थ्रेडलॉक, म्हणजे तो सैल होऊ नये म्हणूनचा चिकट द्रव, लावता? ताणाखालच्या पॉलिकार्बोनेटला ते लागलं की चिरा पडतात.

भोसरीकर:
आम्ही नाही लावत. आत्ता गिऱ्हाइकाला फोन केला. त्यांची पोरं लावतात, निळं. व्हिडिओवर बाटलीच दाखवली.