चीन कळायला सुरुवात कुठून करायची, १८४२ की १९७८?

तळ्यात_मळ्यात: आपल्याकडे चीनचा विषय निघाला की गाडी थेट १९६२ वर जाते, नाहीतर स्वस्त मोबाईलवर. माझं म्हणणं, अफूपासून सुरुवात करा. १८३९ ला चिनी सम्राटाचा अधिकारी लिन झेशूनं इंग्रज व्यापाऱ्यांच्या अफूच्या २० हजारांवर पेट्या जप्त केल्या, कँटनजवळच्या हुमेनला खड्डे खणून पाणी, मीठ नि चुना घालून तीनेक आठवडे ती अफू विरघळवत बसले आणि समुद्रात सोडली. त्यावरून युद्ध पेटलं, १८४२ ला नानकिंगचा तह, हाँगकाँग गेलं ते १९९७ ला परत. १८९५ ला तैवान जपाननं घेतलं. चीनमधली पोरं शाळेत हे 'अपमानाचं शतक' म्हणून शिकतात, मग तैवानचं नाव काढलं की उसळणारच ना.

रोखठोक: अहो, अपमान आपलाही झाला की, दीडशे वर्षं! त्यानं कारखाने उभे राहतात होय? १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी चोरून एका कागदावर अंगठे उठवले, सामूहिक शेतीची जमीन घरटी वाटून घेतली, आणि कुणाला तुरुंगात जावं लागलं तर त्याची पोरं बाकीच्यांनी सांभाळायची हेही त्यातच लिहिलं. एवढी भीती नि एवढी भूक कुणामुळे? माओच्या 'ग्रेट लीप' मोहिमेतल्या दुष्काळात कोट्यवधी माणसं गेली, ती काय इंग्रजांनी मारली? खरी सुरुवात शियाओगांगपासून, मग १९८० ला शेन्झेनचं विशेष आर्थिक क्षेत्र, २००१ ला डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, प्रवेश. आणि कुठला अपमान आठवायचा ते पक्ष ठरवतो. १९८९ ला तियानमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडल्यानंतर देशभक्तीचे धडे एकदम का वाढले ते बघा.

गिरगावचा_गप्पिष्ट: मधेच बोलतो, ती अफू बरीचशी आपल्या माळव्याची, मुंबई बंदरातून चीनच्या कँटन बंदराला जायची. जमशेटजी जीजीभाईंनी त्या व्यापारात पैसा केला आणि जे.जे. हॉस्पिटल त्यांच्याच देणगीतून झालं. तेव्हा इंग्रजांना शिव्या घालताना जरा दमानं 😅

तळ्यात_मळ्यात: @रोखठोक, म्हणजे ७८ च्या आधी सगळा अंधारच? माओच्या काळात गावोगाव शाळा झाल्या, अनवाणी डॉक्टर (थोडं प्रशिक्षण घेतलेले गावातलेच आरोग्यसेवक) फिरले, म्हणून तर शेन्झेनच्या कारखान्यांना लिहिता-वाचता येणाऱ्या, धडधाकट पोरी मिळाल्या. नुसतं मार्केट खुलं करून काय होतंय राव.

रोखठोक: शाळांचं मान्य, एकदम मान्य. पण अनवाणी डॉक्टरांचा अफूच्या युद्धाशी काय संबंध? तुमचाच मुद्दा १८४२ वरून सरकत सरकत माओपर्यंत आला, वर जाऊन वाचा एकदा.