नैसर्गिक पोहण्याचा तलाव: उन्हाळ्यातलं शेवाळ आणि कोमट पाणी, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

कर्जतजवळ शेतावर आमचा बिनक्लोरीनचा पोहण्याचा तलाव आहे. अर्ध्या भागात पोहायचं, तिथे सहा फूट खोली. उरलेल्या अर्ध्यात खडी, आणि खडीत पाणकणीस, वेखंड, कर्दळ. लहान पंप रात्रंदिवस पाणी खडीतून फिरवतो. खडीवरचे जिवाणू आणि झाडांची मुळं ते साफ करतात. दिवाळीपासून होळीपर्यंत तळाची फरशी स्वच्छ दिसते. बेडूक आहेत, चतुर आहेत, डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडलेत.

होळीनंतर मात्र केसांसारखं लांब शेवाळ धरतं. जाळीने ओढून काढलं तरी आठवड्यात परत. ऊन आहेच, पण मला संशय बोअरच्या पाण्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी झपाट्याने उडतं, रोज भर घालावी लागते आणि शेजारच्या भाजीच्या मळ्यात डीएपी, म्हणजे फॉस्फरसचं खत, पडतं. ते झिरपून बोअरमध्ये आलं तर शेवाळाला तेच पोसणार. जर्मनीतल्या नियमावलीत अशा तलावासाठी फॉस्फरसची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इथल्या प्रयोगशाळेने '०.०५ पेक्षा कमी' असा अहवाल दिला. त्यावरून कळणार काय? पुणे-मुंबईत याहून बारीक मोजमाप कुठे होतं?

शेवाळ मारायला मोरचूद (तांब्याचा क्षार) टाका असं बऱ्याच जणांनी सुचवलं. ते मी टाकणार नाही. तांबं तळाच्या गाळात साठत जातं, आणि पाणी साफ ठेवणारे बारीक जीव आधी मरतात. तुरटी फॉस्फरसला धरून तळाशी नेते हे खरं, पण पाण्याचा सामू (pH) उतरतो. चालू तलावात कुणी वापरली आहे का? किती प्रमाणात? गप्पींच्या विष्ठेनेही खत वाढतं, तेव्हा ते कमी करू का?

यापेक्षा मोठी काळजी मुलांची आहे. २०२४ मध्ये केरळात नदी-तळ्यांत आंघोळ केलेली काही मुलं अमीबाच्या मेंदूज्वराने गेली. हा अमीबा कोमट गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो. मे महिन्यात आमचं पाणी ३१-३२ अंशांवर जातं. या तलावांची बहुतेक माहिती ऑस्ट्रिया-जर्मनीसारख्या थंड देशांतली, तिथे हा प्रश्न एवढा येत नाही. सध्या मे महिन्यात मुलांचं पोहणं बंद ठेवलंय. सावलीसाठी शेडनेट बांधून पाणी किती अंश उतरतं? परतीच्या पाइपवर यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा बसवला तर तळाच्या गाळातल्या अमीबावर त्याचा उपयोग काय? डॉक्टर किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलं कुणी इथे असेल तर कृपया सविस्तर लिहा.