पोस्टग्रेस व्हीएममध्ये: संध्याकाळी सातनंतर पावती अडकते, दोष कुणाचा?

डाळमिल_जळगाव
राम राम मंडळी. एकच सर्व्हर: १६ कोअर, ६४ जीबी रॅम, दोन साधे सॅटा एसएसडी, झेडएफएस मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा), वर प्रॉक्समॉक्स ८ (व्हीएम म्हणजे आभासी संगणक चालवणारी प्रणाली). चार व्हीएमपैकी एकात पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. त्याला १६ व्हीसीपीयू (आभासी कोअर), २४ जीबी दिलेत. दिवसभर ठीक चालतं, पण सातनंतर काट्याची पावती सेव्ह व्हायला १०-१५ सेकंद लागतात. सातलाच एनएएसवर (नेटवर्कवरची साठवण पेटी) बॅकअप सुरू होतो. डेटाबेस व्हीएममधून काढून थेट मशीनवर टाकू का? की डिस्कची कॅश 'राइटबॅक' (लिखाण आधी मूळ मशीनच्या, म्हणजे होस्टच्या रॅममध्ये, डिस्कवर नंतर) करू?

भुसावळ_लिनक्स
आधी बॅकअपकडे बघा. पोस्टग्रेसला ज्या ब्लॉकवर लिहायचंय तो बॅकअपमध्ये गेला नसेल, तर जुना ब्लॉक आधी एनएएसवर पोचतो आणि तोवर तुमचं लिखाण थांबतं. एनएएस सुस्त म्हणून पावती सुस्त. ८.२ पासून बॅकअप जॉबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'फ्लीसिंग' आहे, त्यात जुना ब्लॉक लोकल डिस्कवर ठेवून लिखाण लगेच सोडतात. ते चालू करा आणि वेळ रात्री २ ची ठेवा. राइटबॅक मात्र नको. लाइट गेली की डेटा गेला!

धुळे_डीबीए
शेवटचं चुकलं भाऊ. राइटबॅकमध्येही एफसिंकचा फ्लश ('आत्ताच डिस्कवर पक्कं लिही' हा हुकूम) डिस्कपर्यंत जातो. फ्लश गिळतो तो 'राइटबॅक (अनसेफ)'. तरी इथे 'नो कॅश'च बरा, नाहीतर तोच डेटा होस्टच्या रॅममध्ये पुन्हा साठतो.

बलूनिंग बंद करा. होस्टची रॅम ८०% च्या वर गेली की व्हीएमची रॅम काढून घेतली जाते, आणि पोस्टग्रेसची पेज कॅश (रॅममधली डेटाची प्रत) पहिली बळी पडते. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची स्वतःची राखीव रॅम) ६ जीबी, सीपीयू टाइप 'होस्ट'. व्हीसीपीयू ८ पुरेत. व्हीएमस्टॅट कमांडचा 'एसटी' रकाना (व्हीएमला सीपीयूसाठी थांबावं लागलेला वेळ) शून्याजवळ राहिला तर तिथे आणखी खोदू नका.

मग 'पीजी_टेस्ट_एफसिंक' (डिस्क सेकंदाला किती फ्लश करते ते मोजणारं टूल) होस्टवर आणि व्हीएममध्ये, दोन्हीकडे चालवा. बॅकअप चालू नसताना.

डाळमिल_जळगाव
एफडेटासिंक (एफसिंकसारखाच हुकूम): होस्टवर सेकंदाला ४१०, व्हीएममध्ये ३८०.

धुळे_डीबीए
म्हणजे थेट मशीनवर नेलं तरी हाती साधारण आठ टक्के. कमी पडतोय तो एसएसडी. पॉवर लॉस प्रोटेक्शनवाला एसएसडी कपॅसिटरच्या भरवशावर फ्लशला लगेच होकार देतो, साध्याला प्रत्येक वेळी फ्लॅशपर्यंत लिहावं लागतं. (उलट, ७२०० आरपीएमच्या साध्या हार्डडिस्कने सेकंदाला हजारो दाखवले तर मधे कोणीतरी खोटं बोलतंय, ती सेकंदाला १२० च फेरे मारते.)

भुसावळ_लिनक्स
राइटबॅकचं मान्य. नवे एसएसडी येईपर्यंत 'सिंक्रोनस कमिट' (नोंद डिस्कवर पक्की होईपर्यंत थांबणं) ऑफ चालेल?

धुळे_डीबीए
चालेल. डेटाबेस बिघडत नाही, पण सर्व्हर अचानक पडला तर शेवटच्या साधारण ०.६ सेकंदातल्या नोंदी जाऊ शकतात. 'एफसिंक' ऑफ मात्र कधीच नको, त्यात अख्खा डेटाबेस खराब होऊ शकतो. पावती छापून गाडी गेटबाहेर गेली आणि नोंदच नाही, हे चालणार का, ते मालकांना विचारून ठरवा.