फेथफुल अ‍ॅडॅप्टेशन : ‘प्रामाणिक रूपांतर’ चालेल का?

मांजराकाठ
लातुरातल्या आमच्या वाचक गटाच्या अंकासाठी इंग्रज विनोदी लेखक टेरी प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या कल्पित जगातल्या कादंबऱ्यांवर आणि त्यांच्या टीव्ही मालिकांवर लिहितोय. २०२० साली प्रॅचेटच्याच निर्मितीसंस्थेनं, म्हणजे नॅरेटिव्हियानं, जाहीर केलं की पुढची रूपांतरं मूळ लेखनाशी पूर्णपणे ‘फेथफुल’ असतील. मी लिहिलं ‘प्रामाणिक रूपांतर’. अंक तपासणाऱ्या सरांनी ते खोडून वर ‘यथामूल’ लिहिलं. म्हणाले, प्रामाणिक माणूस असतो, मालिका नसते. ‘यथामूल’ हे आमच्या घरात चूर्णाचं नाव ठरलंय. दुसरं काही सुचवा.

सिंदफणा
एकनिष्ठ?

कयाधू
एकनिष्ठ कार्यकर्ता असतो. तोही तिकीटवाटपापर्यंत.

तात्या उदगीरकर
येवढं डोकं कशाला लावूलालाव? ‘बरहुकूम’ लिवा. आमच्या आज्याच्या जमिनीचे कागद निजामाच्या काळातले, उर्दूत. त्याची नक्कल काढली की खाली शेरा असायचा, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. एक नुक्ता इकडचा तिकडं नाही. मालिका तशी पाहिजे. शब्द तयार आहे, तुम्ही संस्कृतात हुडकूलालाव.

गोदातीर
तात्या, कचेरीतला शब्द कचेरीत शोभतो. साहित्याच्या चर्चेत फारसी कशाला? शिवाय ‘बरा हुकूम’ यावरून आलेला शब्द कलेला कसा लावणार? कलाकार काय हुकमाचा ताबेदार आहे?

तात्या उदगीरकर
‘बरा’चा काही संबंध नाही. फारसीत ‘बर’ म्हणजे वर, प्रमाणे. बरखास्त, बरतर्फ, बरकरार, सगळे त्याच घरातले. फारसी नको असंल तर आधी ‘बरखास्त’ला बरखास्त करून दाखवा.

अंबाजोगाईचा मास्तर
तुमचं सगळं भांडण विशेषणावर चाललंय, पण अडचण नामात आहे. मराठी रंगभूमीवर ‘रूपांतर’ म्हणजे काय? देवलांनी ऑथेल्लोचा ‘झुंजारराव’ केला तेव्हा नावं, गाव, रीतभात सगळं इथलं झालं. पुलंची ‘ती फुलराणी’ घ्या. पिग्मॅलियनमधली लंडनची फुलवाली आपल्याकडची मंजुळा होते, आणि तीच त्या नाटकाची कमाई. आपल्याकडे रूपांतराचं कौतुक ते मुळापासून किती बेमालूम सुटलं यावर होतं. शब्दश: केलं तर त्याला आपण भाषांतर म्हणतो. म्हणजे ‘प्रामाणिक रूपांतर’ हा शब्दप्रयोगच आपल्या कानाला विचित्र. इथे भाषा बदलत नाही, माध्यम बदलतं. तेव्हा ‘माध्यमांतर’ म्हणा आणि मग विशेषण शोधा.

सिंदफणा
सर, ‘माध्यमांतर’ ऐकून मुलाला सेमी-इंग्रजीतून मराठी माध्यमात घातल्यासारखं वाटतं.

मांजराकाठ
मास्तरांचा मुद्दा मला कामाचा आहे. २०२१ साली बीबीसी अमेरिकेवर ‘द वॉच’ ही डिस्कवर्ल्डवरची मालिका आली. तिच्या श्रेयनामावलीत पात्रांवरून ‘प्रेरित’ असं म्हटलेलं होतं. कादंबरीतली लेडी सिबिल ही थोराड बांध्याची, प्रौढ, घरंदाज बाई. दलदली ड्रॅगन पाळते आणि रबरी बूट घालून त्यांची घाण काढते. मालिकेत ती सडपातळ तरुणी झाली, हातात शस्त्र घेऊन गुन्हेगारांच्या मागे लागणारी. वाचक चिडले ते यावर. सिबिल जाड असणं हा तिथला विनोद नाही. सगळं शहर तिला हसतं आणि ती पुरून उरते, हा आहे. ‘देवलांनीही बदललं होतं’ म्हटल्यानं हे माफ होतं का?

अंबाजोगाईचा मास्तर
होत नाही. देवलांनी नावही बदललं होतं. नाव तेच ठेवून माणूस बदलायचा, याला रूपांतर नाही, तोतयेगिरी म्हणतात.

तात्या उदगीरकर
सदाशिवरावभाऊंचा तोतया! हा शब्द घ्या.

कयाधू
मला वेगळाच प्रश्न पडलाय. प्रॅचेटचा मृत्यू (पात्र आहे हो ते, हातात विळा-बिळा घेतलेलं) पुस्तकात लहान आकाराच्या कॅपिटल अक्षरांत बोलतो, अवतरणचिन्हांशिवाय. देवनागरीत मोठी-लहान लिपीच नाही, तर मराठीत तो कसा बोलेल? आणि टीव्हीवर कसा? तात्यांचा बरहुकूम इथं अडला.

मांजराकाठ
टीव्हीवर आवाजानं सोडवलं. २००६ च्या ‘हॉगफादर’मध्ये इयान रिचर्डसन, २००८ च्या ‘द कलर ऑफ मॅजिक’मध्ये ख्रिस्तोफर ली. अक्षर गेलं, जरब राहिली. पण तळटीपांचं काय? प्रॅचेटची निम्मी गंमत तळटीपेत. वाक्य अर्ध्यात सोडून नजर खाली न्यायची, हसायचं, परत वर यायचं. पडद्याला तळ कुठाय? ‘गुड ओमेन्स’ मालिकेत निवेदकाचं काम देवालाच दिलं आणि आवाज फ्रान्सिस मॅकडॉर्मंडचा. मला ते पटलं. पुस्तकात देव असा बोलत नाही, तरी पटलं.

गोदातीर
आपल्याकडं हा प्रश्न पैठणात सुटलाय. एकनाथांच्या भारुडांचे प्रकार आहेत: भजनी आणि सोंगी. भजनी नुसतं गातात. सोंगी म्हणजे लुगडं नेसून, बुगडी घालून उभं करतात. माझ्या लहानपणी षष्ठीला पाहिलेला विंचवाचा एक भारूडकार अजून आठवतो. पद नाथांचं, त्यातली एक मात्रा बदलायचा नाही. पण दोन कडव्यांच्या मध्ये असा लोळायचा, विंचू धोतरात कुठवर चढला ते सांगायचा, आणि त्यात गावचा सरपंच, सोसायटीचं कर्ज, सगळं घ्यायचा. नाथांशी बेइमानी झाली असं कुणी म्हटलं नाही. तेव्हा शब्द घ्या ‘सोंगी’. सोंगी कादंबरी. फारसी नाही, संस्कृतही नाही.

सिंदफणा
‘सोंगी’ भारी आहे! पण भारुडात पद वेगळं नि मधलं बोलणं वेगळं, हे सगळ्यांना कळतं. कादंबरीत पद कुठलं नि बतावणी कुठली? प्रॅचेटमध्ये तर बतावणी हेच पद. गोष्ट ठेवून निवेदकाचा तिरकसपणा काढला, तर मात्रा न बदलताही सगळं गेलं. चिमणराव आठवा. चिं. वि. जोश्यांच्या पुस्तकातली मजा चिमणराव स्वतः साळसूदपणे सांगतो यात आहे. दूरदर्शनवर ती प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर आली.

कयाधू
तुम्ही पाहिलंत? आमच्याकडं तेव्हा मुंबई दूरदर्शन कुठं दिसायचं! आम्ही चिमणराव ऐकला तो पुण्याच्या मावशीकडून.

मांजराकाठ
‘सोंगी’ लिहिलं तर सर अंकच बंद करतील. छपाई तोंडावर आहे मंडळी, एक शब्द नक्की करा.

अंबाजोगाईचा मास्तर
करू. पण ‘मुळाशी इमान’ म्हणताना मूळ कोणतं, हे तरी ठरवा. डग्लस अ‍ॅडम्सची ‘हिचहायकर्स गाइड’ घ्या. १९७८ साली आधी रेडिओवर आली, पुढच्या वर्षी कादंबरी झाली आणि १९८१ साली बीबीसीवर मालिका. आणि दर वेळी स्वतः लेखकानंच कथानक हलवलं. तिथं बरहुकूम कशाच्या?

तात्या उदगीरकर
मूळ म्हणजे जिथून निघालं ते. पंचमीला लेकीला आणायला मूळ धाडतात, ते मूळ.

गोदातीर
ते मूळ वेगळं, तात्या. ते निमंत्रण, बोलावणं.

तात्या उदगीरकर
वेगळं कसं? माहेर हेच मूळ. तिथून माणूस जातो म्हणून त्याला मुऱ्हाळी म्हणायचं.

सिंदफणा
ही तुमची घरची व्युत्पत्ती झाली. पण शब्द मुराळी की मुऱ्हाळी?

कयाधू
हिंगोलीकडं मुराळी. ‘ऱ्ह’ मी तरी ऐकला नाही. माझ्या आईला न्यायला नेहमी मामा यायचा, बैलगाडीत बसूनच हाक मारायचा.

सिंदफणा
आईचा भाऊ म्हणून तो मुराळी. तुम्हाला सासरहून आणायला मामा आला असता तर त्याला मुराळी म्हणाले असते का? बीडकडं फक्त भावाला म्हणतात.

तात्या उदगीरकर
सख्खा नसंल तर चुलत. तोबी नसंल तर बाप जातो, पण बापाला कुणी मुऱ्हाळी म्हणत नाही.

गोदातीर
आमच्याकडे बापालाही म्हणतात.