अनुभव धागा : फळं खाताना तुम्ही नाकाचं ऐकता की तक्त्याचं?

गेल्या वर्षी एप्रिलात मी २१ दिवसांचा कच्चा फलाहार करायला घेतला. मोबाइलवरच्या एका गटाने तक्ता पाठवला होता. सकाळी आठ केळी, दुपारी नुसतं कलिंगड, रात्री पपई, शिजवलेलं काही नाही. पहिले चार दिवस बरे गेले, अंग हलकं वाटायचं. पाचव्या दिवशी केळं सोललं आणि त्याचा वासच नको झाला. गटात विचारलं, तर उत्तर आलं, 'शरीरातली घाण बाहेर पडतेय, नेटाने खा.' मी खाल्लं. नाक दाबून खाल्लं. हे लिहितानाही मला वाईट वाटतंय.

नवव्या दिवशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात डोळ्यांपुढे अंधारी आली. आंब्यांच्या पाट्यांशेजारी पायरीवर बसले. पाटीवाल्या मावशीने आधी पाणी दिलं, मग तणातून एक मानकुराद आंबा काढून हातात ठेवला. 'बाये, नाकाक लायून पळय.' देठापाशी नाक नेलं आणि कितीतरी दिवसांनी तोंडाला पाणी सुटलं. तो तिथेच चोखून संपवला. दुसरा निम्म्यावर आला तेव्हा आंबा तितकाच गोड होता, पण मला नको झाला होता. उरलेला अर्धा तसाच हातात धरून बसले. घरी जाऊन उकड्या तांदळाची पेज आणि मिसकूट (कैरीचं लोणचं) खाल्लं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

फळं मी आजही भरपूर खाते, पण वास घेतल्याशिवाय एकही नाही. तुमचं काय? फळांपुरतंच लिहा, पण जे घडलं तेच लिहा.

वाळपईहून
आमचं काजूचं भाट, म्हणजे बाग आहे. बोंडू झाडावरून ओढून काढायचा नाही, पडलेलाच गोळा करायचा, हे आम्ही चालायला लागल्यापासून ऐकलंय. दारू गाळायलाही पडलेलेच बोंडू लागतात, कारण पिकल्याशिवाय तो पडत नाही. लहानपणी भाटात हवे तेवढे खायला मोकळीक होती. एक, दोन, तीन... मग घसा धरायचा, जीभ खरखरीत व्हायची आणि आम्ही आपोआप करवंदांच्या जाळीकडे वळायचो. पुरे झालं हे कुणी सांगावं लागत नसे. आता माझा भाचा बोंडवांचा रस गाळून, थंड करून, साखर घालून पितो. घसा धरतच नाही, आणि पेल्यांवर पेले जातात. मला वाटतं गडबड तिथेच होते. थंडगार, गाळलेलं, गोड केलेलं फळ जिभेला ओळखूच येत नाही.

पणजीहून
वरच्या दादांचं पटलं. माझा अनुभव बाजारातला. हंगामाच्या अगदी सुरुवातीला डझनाला काही हजार मोजून मानकुराद आणले. सगळे एकसारखे पिवळेधमक, वास मात्र नावाला नाही. सासूबाई म्हणाल्या, 'हे पिकलेले नाहीत, पिवळे केलेले आहेत.' कापले तर कोयीजवळ पांढरट आणि आंबट. कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे, अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांतही ती स्पष्ट लिहिली आहे. पण बाजारात उभं असताना आपल्याजवळ नाकाशिवाय दुसरं साधन काय असतं? पैसे गेले ते गेलेच. आता देठाला वास नसेल तर मी पाटीला हात लावत नाही, मग कुणी किती का गोड बोलेना.

मडगावहून
मला दुधीचं सांगायचंय. तेही फळच, आणि त्याचा कच्चा रस पिण्याचं खूळ आमच्या इमारतीत जोरात होतं. एका सकाळी रस कडू लागला. 'औषध कडूच असतं' म्हणत मी दुसरा घोट घेणार, तोच आईने पेला हातातून ओढून मोरीत ओतला. तेव्हा राग आला होता. नंतर कळलं की २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने सांगितलं की रस कडू लागला तर पिऊच नये. दुधी, काकडी, दोडका यांच्यात कडवटपणा आणणारी द्रव्यं असतात आणि ती वाढली की विषारी ठरतात. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं. कडू लागलं की थुंकायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

फोंड्याहून
सगळं वाचलं, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जीभ सगळं सांगत नाही. माझ्या बाबांचं मूत्रपिंड अधू आहे. कुळागरातली (घरच्या बागायतीतली) करमलं, म्हणजे स्टारफ्रूट, त्यांना फार आवडायची, आंबटगोड, मीठ लावून. वासात खोट नाही, चवीत खोट नाही. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत विचारलं, घरात करमलाचं झाड आहे का? मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्या फळातलं विष बाहेर टाकता येत नाही, आधी उचकी लागते आणि पुढे मेंदूपर्यंत जातं. तेव्हापासून करमल बंद. तेव्हा ज्यांना मधुमेह आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी कृपया नाकाच्या आधी डॉक्टरांना विचारा. कळकळीने सांगतेय.

वास्कोहून
दीड वर्ष फक्त फळं आणि सुका मेवा. पाय बधिर व्हायला लागले, तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व तळाला गेलेलं निघालं. फळांत ते नसतंच. त्या दीड वर्षात पावसाळ्यात सुक्या बांगड्याचा वास आला की जीव कासावीस व्हायचा आणि मी त्याला मोह म्हणून दाबत होतो.

डिचोलीहून
माझी आजी शेवटची सहा-सात वर्षं जवळजवळ आंधळी होती. मे महिन्यात माळ्यावर आंब्यांची आढी असायची. मुसराद एका कोपऱ्यात, मालगेस दुसऱ्या, घोटं टोपलीत वेगळी. रात्री जेवणं झाली की ती माझा हात धरून वर चढायची. तणात हात घालायची, एकेक आंबा अंगठ्याने देठाजवळ हलकेच दाबायची, नाकाशी धरायची. फणसाचंही तसंच. बोटांनी ठोकायची, वास घ्यायची, आणि कापा की रसाळ ते कापायच्या आधीच सांगायची. मी बाजूला कंदील धरून उभी राहायचे, तिला त्याचा काही उपयोग नव्हता तरी. एकदा मी एक छान पिवळा आंबा उचलून तिच्या हातात दिला. तिने वास घेतला आणि तो परत तणात पुरला. 'फाल्यां', म्हणाली. दुसऱ्या रात्री आढीवरचं तण उचललं तेव्हा त्याचा वास आधी माझ्याच नाकात गेला.