मदत हवी आहे: इयान्थी हे नाव ग्रीसमध्ये आज ठेवतात का?

वहिनी ग्रीक आहे, बारशाला आत्या म्हणून नाव मी सुचवणार, म्हणून तिलाच विचारता येत नाहीये. मला इयान्थी फार आवडलंय, जोर ‘आन्’वर. अर्थ माहितीये, ‘इऑन’ म्हणजे जांभळं व्हायोलेट आणि ‘आन्थोस’ म्हणजे फूल. प्राचीन ग्रीक कवी हेसिओडने दिलेल्या जलकन्यांच्या यादीत ती समुद्रदेव ओकेआनोसची मुलगी, रोमन कवी ओव्हिडच्या कथेत क्रीट बेटावरची नवरी, १८१३ मध्ये इंग्रज कवी शेलीनेही लेकीला हे नाव दिलं, पण हे सगळं पुस्तकातलं, आणि बेबी नेम साइट्सवर नुसतं ‘रेअर’ लिहून मोकळे होतात. तिकडे बऱ्याच घरांत आजीचं किंवा संताचं नाव ठेवतात म्हणून जरा धाकधूक वाटते. अथेन्स, थेस्सलोनिकीकडे राहणारं कुणी असेल तर सांगा ना, शाळेतल्या मुलींमध्ये हे नाव खरंच ऐकू येतं का, की ऐकणाऱ्याला जुनाट वाटेल?